कोरड्या खोकल्याचे मिश्र औषध: मला लागू पडले, अण्णांना सोसले नाही

यंदा गड्डा यात्रेहून परतल्यावर तिसऱ्या दिवशी माझा कोरडा खोकला सुरू झाला. सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत होम मैदानावर उडणारी धूळ सोलापूरकरांना वेगळी सांगायला नको, आणि त्यात जानेवारीची पहाटेची थंडी. मी शाळेत शिकवतो, म्हणजे दिवसाचे पाच तास बोलणे हेच माझे काम. दिवस कसाबसा निभावत होता. परंतु रात्री अंथरुणाला पाठ टेकली की घशात खवखव सुरू होई आणि मग एकामागून एक उबळ. जेवताना शेंगा चटणीचा एखादा कण घशाला लागला तरी दहा-दहा मिनिटे ताट बाजूला सारून बसावे लागे. कफ पडत नव्हता, ताप नव्हता, धापही लागत नव्हती. आमच्या डॉक्टरांनी छाती तपासली, घसा पाहिला आणि पाच दिवसांसाठी कोरड्या खोकल्याचे मिश्र औषध लिहून दिले. त्या औषधाविषयी हे लिहीत आहे. त्याच बाटलीतले औषध माझ्यानंतर माझ्या वडिलांनीही घेतले आणि त्याचे परिणाम अगदी निराळे झाले, म्हणून दोन्ही अनुभव सांगणे मला आवश्यक वाटते.

बाटलीवरचे नाव मी मुद्दाम देत नाही. हेच घटक एकत्र करून अनेक कंपन्या निरनिराळ्या नावांनी औषध विकतात, आणि नावावरून औषध ओळखणे हीच आमच्या घरात दोनदा झालेली चूक होती.

पहिली चूक माझ्या बाबतीत दुकानातच झाली. शाळेतून येताना वाटेतल्या एका दुकानात चिठ्ठी दाखवली. लिहिलेले औषध शिल्लक नव्हते, दुकानदाराने त्याच नावाची, त्याच रंगाच्या खोक्यातली दुसरी बाटली पुढे केली आणि म्हणाला, “सर, तेच आहे, फक्त पुढची अक्षरं वेगळी आहेत.” मी ती घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्राभर औषध घेऊन वर्गावर गेलो आणि फळ्यावर लिहिताना खडू धरलेला हात थरथरू लागला. छातीत धडधड होत होती आणि खोकला होता तसाच होता. घरी येऊन खोक्याच्या मागच्या बाजूचे बारीक अक्षरांतले घटक वाचले, तेव्हा त्यात लेव्होसालब्युटामॉल, अँब्रॉक्सॉल आणि ग्वायफेनेसिन अशी नावे आढळली. म्हणजे श्वासनलिका रुंद करणारे एक आणि कफ पातळ करून सुटायला मदत करणारी दोन औषधे. ओल्या, कफाच्या खोकल्यासाठी डॉक्टर हे मिश्रण देतात; मला काढण्यासारखा कफच नव्हता, आणि हाताची थरथर व छातीतली धडधड हा लेव्होसालब्युटामॉलचा नेहमी आढळणारा परिणाम आहे. ज्यांना ‘पुढची अक्षरं’ किरकोळ वाटतात, त्यांनी हे ध्यानात घ्यावे की खोकल्याच्या औषधांत नाव कंपनीचे असते आणि औषध त्या अक्षरांत असते.

योग्य बाटली मला दुसऱ्या दुकानात मिळाली. तिथल्या फार्मासिस्ट बाईंनी चिठ्ठी वाचून बाटली काढण्यापूर्वी मला चार प्रश्न विचारले: बीपी किंवा साखर आहे का, दुसऱ्या कोणत्या गोळ्या चालू आहेत, सर्दीची गोळी घेतली आहे का, आणि गाडी चालवता का. मग बाटलीच्या पाठीवर बोट ठेवून त्यांनी तिन्ही घटक दाखवले. दर ५ मिलिलिटरमध्ये डेक्स्ट्रोमेथॉर्फन १० मिलिग्रॅम, क्लोरफेनिरामिन २ मिलिग्रॅम आणि फिनाइलेफ्रिन ५ मिलिग्रॅम. काउंटरवर मागे पाच-सहा गिऱ्हाईक उभे असताना त्यांनी ही दोन मिनिटे दिली, याचे मोल मला पुढे कळले.

या तीन घटकांची कामे वेगळी आहेत. डेक्स्ट्रोमेथॉर्फन हे खोकला दाबणारे औषध असून ते घशावर नव्हे, तर मेंदूतल्या खोकल्याच्या केंद्रावर काम करते. क्लोरफेनिरामिन ही जुनी, ॲलर्जीवरची, झोप आणणारी औषधी आहे. नाकातून घशात उतरणारे पाणी ती कमी करते. फिनाइलेफ्रिन हे चोंदलेले नाक मोकळे करण्यासाठी घातलेले असते, परंतु पोटात घेतलेल्या फिनाइलेफ्रिनचा नाकावर उपयोग होत नाही असे मत अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने सप्टेंबर २०२३ मध्ये एकमताने दिले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या प्रशासनाने ते दुकानातल्या सर्दीच्या औषधांमधून काढण्याचा प्रस्ताव मांडला. म्हणजे माझ्या बाटलीतला तिसरा घटक बहुधा बिनकामाचा होता, मात्र रक्तदाब वाढवण्याची आणि लघवीचा मार्ग आवळण्याची त्याची शक्यता शिल्लकच होती. फक्त पहिले दोन घटक असलेल्या बाटल्याही मिळतात. पुन्हा वेळ आली तर मी डॉक्टरांना त्याविषयी विचारीन.

आता परिणाम. पहिल्या रात्री साडेनऊला १० मिलिलिटर घेतले आणि अर्ध्या तासात उबळ ओसरू लागली. खवखव पूर्ण गेली नाही, पण खवखवीचे रूपांतर उबळीत होणे थांबले, आणि तीन रात्रींनंतर मी प्रथमच सलग पाच तास झोपलो. पहाटे तीनच्या सुमारास पुन्हा खोकला आला. औषधाचा अंमल साधारण तेवढाच असतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या रात्रीही असेच घडले. चौथ्या दिवशी खोकला आपोआपच निम्म्यावर आला होता आणि पाचव्या दिवशी मी औषध बंद केले. विषाणूमुळे किंवा धुळीमुळे आलेला खोकला दोन-तीन आठवड्यांत स्वतःहून जातो. हे औषध त्याला बरे करत नाही, फक्त तेवढे दिवस रात्र सुसह्य करते. अशा औषधांच्या उपयोगाचा पुरावा संशोधनातही फार भक्कम नाही, हे डॉक्टरांनी मला आधीच सांगितले होते. त्यामुळे माझ्या झोपेतला किती वाटा डेक्स्ट्रोमेथॉर्फनचा आणि किती क्लोरफेनिरामिनच्या गुंगीचा, हे मी ठरवू शकत नाही. झोप मिळाली, ती मला हवी होती.

गुंगी मात्र सकाळीही उतरत नाही. क्लोरफेनिरामिन शरीरात बराच वेळ टिकते. दुसऱ्या दिवशी सकाळी सात रस्त्याच्या सिग्नलला मी स्कूटरवर उभा होतो, हिरवा दिवा लागलेला मला दिसत होता, आणि तरीही मागच्या रिक्षावाल्याने दोनदा हॉर्न वाजवेपर्यंत गाडी पुढे घ्यायचे सुचले नाही. त्या दिवसापासून औषध बंद होईपर्यंत मी शाळेत बसने गेलो आणि दिवसाची मात्रा डॉक्टरांना विचारून सोडून दिली. तोंड कोरडे पडते, तेही बोलणाऱ्या माणसाला त्रासाचे. पाण्याची बाटली सतत जवळ ठेवावी लागली. दारू घेणाऱ्याने तर या औषधाच्या दिवसांत तिला शिवू नये, कारण गुंगी दोघांची मिळून वाढते.

मोजण्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण चूक तिथेच होते. बाटलीच्या झाकणावर बसवलेले पारदर्शक मापटे असते आणि त्यावर अडीच, पाच, दहा अशा उठावाच्या रेघा असतात. औषध चिकट असल्याने दोन दिवसांत मापट्याच्या कडेला लालसर थर जमतो आणि रेघा दिसेनाशा होतात. ते दर वेळी धुवावे लागते. मापटे सपाट जागेवर ठेवून, डोळे रेघेच्या पातळीला आणून ओतावे; हातात उंच धरून ओतले की मात्रा हटकून जास्त पडते. मी कुतूहलाने आमच्या घरातले चमचे मोजून पाहिले. चहाच्या एका चमच्यात साडेतीन मिलिलिटर मावले, वाढायच्या एका लहान चमच्यात नऊ. ‘दोन चमचे’ या शब्दाला आमच्या स्वयंपाकघरात काहीच अर्थ नाही, हे त्या दिवशी कळले. मला दिलेली मात्रा १० मिलिलिटर, म्हणजे डेक्स्ट्रोमेथॉर्फन २० मिलिग्रॅम होती. प्रौढ माणसासाठी दिवसाची कमाल मर्यादा १२० मिलिग्रॅम धरतात. उबळ थांबली नाही म्हणून तासाभराने पुन्हा घोट घेण्याची मुभा त्या मर्यादेत नाही, आणि जास्त प्रमाणात हे औषध भ्रम, तोल जाणे, छातीत धडधड असे गंभीर परिणाम करते.

आता अण्णांविषयी. माझे वडील बहात्तर वर्षांचे आहेत, गिरणीतून निवृत्त झालेले. त्यांना रक्तदाब आहे, आणि प्रोस्टेट वाढल्याने त्यासाठी रात्री एक गोळी चालू आहे. त्यांनाही दिवाळीपासून कोरडा खोकला होता. घसा खाकरण्यासारखा, न संपणारा. मी बरा झालो आणि उरलेली बाटली कपाटात ठेवली, हा माझा दोष. त्यांनी ती काढली. कोणाला त्रास नको म्हणून विचारले नाही. त्यांच्या दृष्टीने त्यात काही वावगेही नव्हते, नंतर ते मला म्हणाले, “अरे, तुझंच औषध घेतलं. खोकला तर तोच आहे ना.” दोन दिवस त्यांनी चमच्याने अंदाजे औषध घेतले, आणि दुसऱ्या दिवशी नाक वाहते म्हणून दुकानातून आणलेली सर्दीची गोळीही घेतली. त्या गोळीत पॅरासिटामॉलसोबत क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन होते. म्हणजे तीच दोन औषधे एका दिवसात दोन वाटांनी पोटात गेली.

रात्री तीन वाजता मोरीतला दिवा लागलेला दिसला म्हणून उठलो. अण्णा भिंतीला हात टेकून उभे होते. बारा वाजल्यापासून चार वेळा जाऊन आलो, पण थेंबही उतरत नाही, असे म्हणाले. ओटीपोटाला हात लावला तर ते फुगून टणक झाले होते आणि हाताचा भारही त्यांना सहन होत नव्हता. रिक्षा करून रुग्णालयात नेले. तिथल्या तरुण डॉक्टरांनी त्यांना तपासता तपासता मला पहिला प्रश्न विचारला तो असा: “सर्दी-खोकल्याचं काही औषध दिलं होतं का?” मी बाटलीचे वर्णन सांगताच त्यांनी मान हलवली, नळी घातल्यावर जवळजवळ पाऊण लिटर लघवी निघाली. अण्णांच्या चेहऱ्यावरचा ताण त्या दोन मिनिटांत उतरताना मी पाहिला आहे. नळी तीन दिवस ठेवावी लागली.

डॉक्टरांनी समजावले ते असे. क्लोरफेनिरामिन मूत्राशयाचे आकुंचन मंदावते, फिनाइलेफ्रिन त्याच्या तोंडाशी असलेले स्नायू आवळते, आणि वाढलेल्या प्रोस्टेटने मार्ग आधीच अरुंद केलेला असतो. तिन्ही एकत्र आले की लघवी अडते. काचबिंदूच्या एका प्रकारातही क्लोरफेनिरामिन धोक्याचे आहे, आणि रक्तदाब असलेल्याने फिनाइलेफ्रिन डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. हे सारे बाटलीसोबतच्या कागदावर लिहिलेले असते, परंतु तो कागद खोक्याबरोबर कचऱ्यात गेला होता.

याहून मोठी गोष्ट पुढे निघाली. नळी काढण्यासाठी गेलो असता फिजिशियननी अण्णांची बीपीची फाइल मागितली. ऑक्टोबरपासून त्यांना रामिप्रिल ही गोळी सुरू झाली होती. या गटातल्या गोळ्यांमुळे शरीरात ब्रॅडिकायनिन नावाचा पदार्थ साठतो आणि काही जणांना त्यामुळे कोरडा, घसा खवखवणारा खोकला लागतो. तो गोळी सुरू केल्यावर काही दिवसांनीही येतो, काही महिन्यांनीही. अशा खोकल्यावर बाटलीमागून बाटली संपवली तरी तो हटत नाही. त्यांनी रामिप्रिल बदलून टेल्मिसार्टन दिले, आणि स्वतःच्या मनाने बीपीची गोळी कधीही बंद करायची नाही असे बजावले. महिन्याभरात अण्णांचा खोकला गेला. तीन महिने आम्ही ज्याला थंडीचा खोकला समजत होतो, तो गोळीचा होता.

आमच्या शहरात ही गोष्ट अधिक जपावी लागते, असे मला वाटते. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलांच्या आया घरी विड्या वळतात, वडील यंत्रमागावर चादरी आणि टॉवेल विणतात. तंबाखूची धूळ आणि कापसाचे तंतू रोज छातीत जाणाऱ्या माणसाचा खोकला दाबून टाकणे म्हणजे त्याचे कारण झाकणे. सुटीनंतर कामावर गेल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळत असेल, तर तो कापसाच्या धुळीचा आजार असू शकतो, आणि त्यासाठी तपासणी हवी. दोन आठवड्यांहून अधिक टिकलेल्या खोकल्याला तर क्षयरोगाची तपासणी करावीच. ती सरकारी दवाखान्यात मोफत होते. थुंकीत रक्त, वजन घटणे, रात्रीचा घाम, धाप, छातीत दुखणे यांपैकी काही असेल तर औषधाच्या दुकानाआधी डॉक्टरांचे दार गाठावे. दम्याच्या रुग्णाने आणि कफ पडणाऱ्यानेही खोकला दाबणारे औषध आपल्या मनाने घेऊ नये; कफ बाहेर पडण्यासाठीच तो खोकला येत असतो.

जून २०२३ मध्ये केंद्र सरकारने चौदा मिश्र औषधांवर बंदीची अधिसूचना काढली, तीत खोकल्याची अनेक मिश्रणे होती: क्लोरफेनिरामिन आणि कोडीन यांचे सिरप त्यात होते, तसेच खोकला दाबणारे डेक्स्ट्रोमेथॉर्फन आणि कफ सुटायला मदत करणारे ब्रोमहेक्सिन किंवा ग्वायफेनेसिन एकाच बाटलीत घालणारीही काही होती. एका घटकाने कफ सोडवायचा आणि दुसऱ्याने तो बाहेर टाकणारा खोकला बंद करायचा, यात रुग्णाचे हित काय, हा प्रश्न सामान्य माणसालाही पडावा. जुनी बाटली घरात असेल तर तिचे घटक अवश्य वाचून पाहावेत.

मुलांविषयी मला विशेष कळकळीने लिहायचे आहे. एका विद्यार्थ्याच्या आईने मला विचारले होते, “सर, तुम्हाला गुण आला ते औषध धाकट्याला अर्धं दिलं तर चालेल का?” धाकटा तीन वर्षांचा. मी त्यांना नको म्हटले. प्रौढांचे औषध निम्मे केल्याने ते मुलांचे होत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागात कोल्ड्रिफ नावाच्या सिरपमुळे वीसहून अधिक मुले मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली. त्या सिरपच्या तपासलेल्या नमुन्यात डायएथिलिन ग्लायकॉल हे विष ४८.६ टक्के आढळले, जिथे मर्यादा ०.१ टक्का आहे. त्याच सुमारास केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने सूचना काढली की दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे लिहून देऊ नयेत आणि पाच वर्षांखालीही ती सर्वसाधारणपणे टाळावीत. त्या आईला मी बालरोगतज्ज्ञांकडे पाठवले. कोमट पाणी आणि झोपताना चमचाभर मध एवढ्यावर चार दिवसांत मुलगा बरा झाला. मध मात्र एक वर्षाखालील बाळाला चाटवू नये.

एक सूचना राहून जायला नको. नैराश्यासाठी फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, एस्सिटॅलोप्रॅम यांसारख्या गोळ्या चालू असतील, दुखण्यावर ट्रॅमाडॉल किंवा पार्किन्सनवर सेलेजिलीन घेत असाल, किंवा औषधांना न जुमानणाऱ्या क्षयरोगासाठी लिनेझोलिड चालू असेल, तर डेक्स्ट्रोमेथॉर्फन त्यांच्याबरोबर घेऊ नये, किमान डॉक्टरांना सांगितल्याशिवाय तरी घेऊ नये. ताप, थरथर, घाम, बेचैनी अशी घातक अवस्था त्यातून उद्भवू शकते. या गोळ्यांविषयी आपल्याकडे लोक दुकानात मोकळेपणाने बोलत नाहीत, म्हणून फार्मासिस्टने विचारले नाही तरी आपण हळू आवाजात का होईना सांगावे. मधुमेह असेल तर साखरविरहित बाटली मागावी; माझी बाटली गोड होती, तोंडात चव बराच वेळ राहत असे.

माझ्यापुरता निर्णय सांगायचा तर, धडधाकट माणसाला, कोरडा खोकला डॉक्टरांनी तपासून खात्री केल्यावर, तीन ते पाच रात्री झोप मिळवून देण्यासाठी हे औषध उपयोगाचे आहे आणि त्याच्या किमतीला न्याय देते. दिवसा काम करणाऱ्याला, गाडी चालवणाऱ्याला आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना मी ते सुचवणार नाही. उरलेली बाटली मी त्याच फार्मासिस्ट बाईंना दाखवली. उघडल्याची तारीख कुठेच लिहिलेली नव्हती, तेव्हा ती ठेवू नका, असे त्यांनी सांगितले. अण्णांच्या बीपीच्या फाइलच्या पहिल्या पानावर फिजिशियननी लाल शाईने दोन ओळी लिहिल्या आहेत: रामिप्रिल नको, खोकला येतो, क्लोरफेनिरामिन व फिनाइलेफ्रिन नको, लघवी अडते. त्या ओळींची एक नक्कल अण्णांनी स्वतःच्या अक्षरात उतरवून, घडी घालून, सदऱ्याच्या खिशात चष्म्याच्या डबीत ठेवली आहे.